मागच्या सीटचा नियम

टॅमरॅक विद्यापीठाला स्वतःचे पोलीस आहेत. त्यांच्या गाड्या आहेत, कमरेला पिस्तुलं आहेत, वर एक चीफ आहे, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवायला सात साध्या माणसांची एक नागरी समिती आहे. मार्लिस ब्रेकी या समितीत दोन वर्षं होती. खरं सांगायचं तर दुसरं कुणी जाईना म्हणून ती गेली होती. सातांपैकी एक जण कर्मचाऱ्यांतला लागतो. मार्लिस विद्यापीठाच्या डेअरीच्या दुकानात आइस्क्रीम आणि चीज विकायची. मॅनेजर म्हणाला, "तुझं सगळ्यांशी पटतं, तू जा." सगळ्यांशी पटणं हा एक गुन्हाच आहे, आणि त्याची शिक्षा बहुतेक वेळा समितीवर बसून भोगावी लागते.

समितीची बैठक महिन्यातून एकदा व्हायची. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पुढे यायच्या: सायकल चोरीला गेली तर नीट लिहून घेतलं नाही, शिपाई उर्मट बोलला, रंग बघून मलाच का थांबवलं. समितीने सगळं वाचायचं, चित्रफिती पाहायच्या आणि चीफला शिफारस करायची. चीफने ती मानली तर मानली. नाही मानली तर का नाही ते चारचौघांत सांगायचं. बस, एवढाच अधिकार. समितीला दात आहेत पण दुधाचे, असं मार्लिस म्हणायची.

बैठकीच्या सुरुवातीला गावातलं कुणीही उठून तीन मिनिटं बोलू शकायचं. टेबलावर एक छोटा दिवा असायचा. तो हिरवा असेपर्यंत बोला, पिवळा झाला की आवरा, लाल झाला की बसा. आणि ही तीन मिनिटं समितीतल्या माणसाने हूं की चूं करायचं नाही. मान हलवायची नाही, हसायचं नाही, कपाळाला आठी घालायची नाही. आज मान डोलावली की उद्या विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात 'समितीला आरोप मान्य' असं छापून येणार. समितीचे अध्यक्ष ओडेल व्हिटकॉम्ब कायदा शिकवायचे, वय सत्तरीच्या घरात, आणि या तीन मिनिटांत ते असे बसायचे की डासही त्यांना खांब समजून बसला असता. मार्लिस त्यांच्याकडूनच शिकली. एकदा एक म्हातारा बोलून झाल्यावर म्हणाला होता, "भिंतींनो, आभारी आहे." घरी येऊन मार्लिसने ते लेकीला सांगितलं होतं आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या.

लेक म्हणजे इंग्रिड. वीस वर्षांची, त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला, राहायला बर्च हॉल नावाच्या वसतिगृहात. नवरा वेगळा होऊन जमाना झाला होता. मार्लिसला जे काही होतं ते ही पोरगीच. इंग्रिडचं मन अधूनमधून खाली जायचं. शाळेत असल्यापासून ते चालत आलेलं. पण फेब्रुवारीत ते इतकं खाली गेलं की तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली. तेव्हा तिने शहाण्यासारखं केलं. विद्यापीठाच्या मदतीच्या नंबरावर स्वतः फोन केला आणि सांगितलं, मला एकटीला ठेवू नका.

काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, अँब्युलन्स लांबून येते, म्हणून अशा वेळी विद्यापीठाचे पोलीसच मुलांना इस्पितळात पोचवतात. दारात गॅरी पेट्रुस्का आला. हा जुना शिपाई, सगळ्यांच्या ओळखीचा. तो हळू आवाजात बोलला, खाली बसला, इंग्रिडला बूट घालायला वेळ दिला. मग म्हणाला, "आता हात मागे कर, पोरी. नियम आहे." आणि बेड्या घातल्या.

संध्याकाळची वेळ. खालच्या हॉलमध्ये तिच्याच मजल्यावरची मुलं पिझ्झा खात बसली होती. पेट्रुस्काने जाता जाता आपला कोट तिच्या मनगटांवर टाकला. कुणाला दिसू नये म्हणून. पण टीव्ही बघून वाढलेल्या मुलांना कोटाखाली काय असतं ते कळायला वेळ लागत नाही. सगळ्यांचे घास तोंडात राहिले.

इस्पितळात औषध बदललं, झोप मिळाली, आठवड्याभरात इंग्रिड घरी आली. रंग परतला होता. मार्लिसने बटाट्याचं सूप केलं होतं, आणि ती दोन वाट्या प्यायली. मग वाटी बाजूला सारून म्हणाली, "आई, एक सांगते. ओरडायचं नाही."

"नाही ओरडत."

"पुन्हा असं झालं तर मी फोन करणार नाही."

मार्लिसने हातातला डाव खाली ठेवला. "मग काय करशील?"

"माहीत नाही. पण फोन नाही. मी मदत मागितली आणि त्यांनी मला चोरासारखं नेलं. त्या सीटवर मला सरळ बसतासुद्धा येत नव्हतं. मला वाटलं, मी काहीतरी केलंय."

"तू काही केलं नाहीस."

"मला माहितीये गं. तेव्हा नव्हतं माहीत."

त्या रात्री मार्लिस जागीच होती. ती रडली नाही, तिला संताप आला होता. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की असं पुन्हा होऊ शकतं. या वर्षी, पुढच्या वर्षी, सांगता येत नाही. झालं की तिने लगेच कुणाला तरी हाक मारली पाहिजे, त्यातच सगळं आहे. आणि हाक मारायची नाही हे पोरीने मनाशी पक्कं केलं होतं. तो एक नियम बदलल्याशिवाय मार्लिसला आता स्वस्थ झोप येणं शक्य नव्हतं.

दोन दिवसांनी पेट्रुस्का दुकानात आला. एरवी तो रोज यायचा, बटर पिकॅन आइस्क्रीमचा एक गोळा खायचा. आज टोपी काढून उभा राहिला.

"मार्लिस, बोलायचंय."

"रांग आहे मागे."

"मग रांगेतच बोलतो. गाडीच्या मागच्या सीटवर जो बसेल त्याला बेड्या. चोर असो की पाद्री असो. पुस्तकात तसं लिहिलंय. नाही घातल्या तर माझ्यावर कारवाई होते."

"ती चोर होती का?"

"नाही."

"पाद्री?"

"मार्लिस, मी कोट टाकला होता तिच्या हातांवर."

"त्या कोटानेच तर सगळ्या हॉलला कळलं, गॅरी."

त्याचं तोंड पडलं. ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "मला तीन पोरी आहेत," तो म्हणाला. मग टोपी घालून बाहेर गेला. आइस्क्रीम न घेताच गेला. मार्लिसला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं याचाही राग आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करायचं काय.

ती तडक व्हिटकॉम्ब यांच्या खोलीत गेली. भिंतभर पुस्तकं, टेबलावर एक सफरचंद. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि म्हणाली, "हा नियम पुढच्या बैठकीत घ्या."

व्हिटकॉम्बनी शांतपणे ऐकून घेतलं. "घेतो. पण तुम्ही त्या विषयापुरतं खुर्चीवरून उठायचं."

"म्हणजे?"

"मुलगी तुमची आहे. तुम्ही मत द्यायचं नाही, चर्चेत बोलायचं नाही. बाहेर लोकांमध्ये बसा. वाटलं तर तीन मिनिटं बोला, बाकीच्यांसारखी."

"दोन वर्षं मी तुमच्या शेजारी बसून पार्किंगच्या तक्रारी ऐकल्या. आज पहिल्यांदा मला सांगण्यासारखं काही आहे, तर खुर्ची काढून घेता?"

"तुम्ही मत दिलंत तर चीफ म्हणतील, आईने मत दिलं. शिफारस त्याच दिवशी केराच्या टोपलीत. नियम बदलून हवा आहे की खुर्ची हवी आहे?"

मार्लिसला त्यांच्या टेबलावरचं सफरचंद त्यांनाच फेकून मारावंसं वाटलं. पण म्हातारा बरोबर बोलत होता.

खरा पेच घरी निघाला. इंग्रिड म्हणाली, "माझं नाव घ्यायचं नाही. माझी गोष्ट सांगायची नाही. बैठक इंटरनेटवर दिसते. सगळा बर्च हॉल बघेल."

"अगं, मग मी बोलू काय?"

"ते तू बघ. मला एकदा सगळ्यांसमोरून नेलंय. पुन्हा नको."

मार्लिसला ते पटलं. तिने होकार दिला.

मार्चची बैठक. मार्लिस पहिल्यांदा टेबलाच्या या बाजूला, प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. समोर सहा चेहरे. सातवी खुर्ची रिकामी, तिचीच. कडेला चीफ डार्ला स्टॅनिक, गणवेशात, केस घट्ट बांधलेले. मार्लिसचं नाव पुकारलं, दिवा हिरवा झाला, आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"मी... समजा, कुणीतरी आहे," ती म्हणाली. "समजा त्याला बरं नाही. मनाने. आणि ते कुणीतरी फोन करतं. स्वतः. आणि मग बेड्या..." ती थांबली. पुढचं प्रत्येक वाक्य इंग्रिडचं होतं. हॉल, पिझ्झा, कोट, सगळं तिचंच. ते टाळून बोलायला गेली तर हातात काही उरेना. "म्हणजे, ज्याने मदत मागितली त्याला. मला एवढंच म्हणायचंय की... असं कुणी पुन्हा फोन करेल का? तुम्ही सांगा. तुम्ही कराल?"

कुणी काही सांगितलं नाही. व्हिटकॉम्ब समोर बघत होते. शेजारची ग्रंथपालबाई, जिच्याबरोबर मार्लिस दर महिन्याला बिस्किटं वाटून खायची, तीही समोर बघत होती. दिवा पिवळा झाला. मार्लिसला ठाऊक होतं की त्यांनी तसंच बसायचं असतं. दोन वर्षं ती स्वतः तशीच बसली होती. तरी त्या सहा चेहऱ्यांकडे बघून तिला वाटलं, या मेल्यांना काही सोयरसुतक नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे खरं. दिवा लाल व्हायच्या आतच ती "आभारी आहे" म्हणाली, पर्स उचलली आणि सरळ दाराबाहेर पडली. गाडीत बसून पोटभर रडली आणि घरी आली.

इंग्रिड सोफ्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती.

"तू बघत होतीस?" मार्लिसने विचारलं.

"हो."

"काही जमलं नाही गं. तुझं नाव नको म्हणून सगळं गिळलं, तर शब्दच उरले नाहीत. गाढवापुढे वाचली गीता. ते मख्खासारखे बसले होते."

"आई, ते नेहमीच मख्खासारखे बसतात. तूच सांगतेस की. भिंतींनो, आभारी आहे."

"आज खरंच भिंती होत्या."

"तू निघून का आलीस?"

"बसून काय करणार होते?"

इंग्रिड तिच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. फेब्रुवारीनंतर ती पहिल्यांदाच अशी हसत होती. "म्हणजे तू पुढचं बघितलंच नाहीस? दोन वर्षं समितीवर आहेस, आणि बोलून झालं की त्यानंतर विषय निघतो हे विसरलीस? बस इथे."

तिने चित्रफीत मागे घेऊन लावली. पडद्यावर मार्लिसची पाठ दारातून बाहेर जाताना दिसली. लोकांचं बोलणं संपलं. मग व्हिटकॉम्बनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता नियम क्रमांक वगैरे. मागच्या सीटवर बसणाऱ्या प्रत्येकाला बेड्या. आत्ता एका बाईंनी आम्हाला एक प्रश्न विचारला. मला त्याचं उत्तर माहीत नाही. मी कधी त्या सीटवर बसलेलो नाही. मत देण्याआधी मला बसून बघायचंय."

चीफ स्टॅनिक म्हणाल्या, "गाडी दाखवायची व्यवस्था करते, प्रोफेसर."

"दाखवू नका, बसवा. बर्च हॉलच्या तिसऱ्या मजल्यापासून इस्पितळाच्या दारापर्यंत. दिवसाढवळ्या, हॉलमधून, बेड्या घालून. आम्हा सहा जणांना, एकेकाला."

"प्रोफेसर, तुमचं वय बघता..."

"नियमात वयाची सूट आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

मार्लिसने ते तीनदा लावून पाहिलं. तिसऱ्यांदा तिला दिसलं की तो म्हातारा चष्मा पुसता पुसता डोळेही पुसत होता. तिला इतकी लाज वाटली की इंग्रिडने केलेला चहा तसाच गार झाला.

पुढच्या गुरुवारी दुपारी ते झालं. डेअरीचं दुकान बर्च हॉलच्या अगदी समोर. मार्लिसने हातातला आइस्क्रीमचा चमचाही खाली ठेवला नाही, तशीच फुटपाथवर येऊन उभी राहिली. व्हिटकॉम्बनी आधी कुणाला कळवायचं नाही अशी अट घातली होती. कळवलं की मुलं नाटक म्हणून बघतात, असं त्यांचं म्हणणं. आता कुणालाच कळवलं नाही म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. कायद्याचे प्रोफेसर व्हिटकॉम्ब, अंगात सुती जाकीट, हात मागे, बाजूला गॅरी पेट्रुस्का, असे दोघे हॉलच्या दारातून बाहेर आले, आणि त्यांच्या मागून निम्मं वसतिगृह फोन उंचावून बाहेर आलं.

"काय केलं यांनी?"

"पैसे खाल्ले असतील."

"छे, हा? हा फुकटची कॉफीसुद्धा पीत नाही."

एक उंच मुलगा गर्दीतून पुढे घुसला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "प्रोफेसर, एक शब्दही बोलू नका. आधी वकील बोलवा."

व्हिटकॉम्बनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "शाबास, डेव्हॉन. वर्षभरात तुझ्या एवढं एकच लक्षात राहिलं तर." मग गाडीत बसायला वाकले आणि बसता येईना. हात मागे, गुडघे जुने, सीट टणक प्लास्टिकची. पेट्रुस्काने खांद्याला धरून आत सरकवलं. त्या गडबडीत त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, तिथे क्षणभर थांबला आणि खाली पडला. तो उचलायला त्यांना हात नव्हते. काचेतून मार्लिसला दिसत होतं, की म्हातारा चष्म्याविना डोळे बारीक करून पायाशी बघतोय आणि पायाने तो शोधतोय. गाडी निघून गेली. मार्लिसच्या चमच्यावरचं आइस्क्रीम वितळून तिच्या बुटावर पडलं होतं.

संध्याकाळपर्यंत विद्यापीठभर 'व्हिटकॉम्बना सोडा' असे फलक लागले. त्यांच्या बायकोला तेवीस माणसांनी फोन केला आणि एकाने तर जामिनासाठी वर्गणीही काढली. नापास झालेल्या एकाने म्हणे टाळ्या वाजवल्या. विद्यापीठाला शेवटी खुलासा करावा लागला. त्यानंतर बाकीचे पाच सदस्य तसेच जाऊन आले. एक जण गाडीत बसल्यावर ओकला. ग्रंथपालबाई नाक खाजलं म्हणून रडल्या. आणि सगळ्यांत शेवटी, कुणी न सांगता, चीफ डार्ला स्टॅनिक आल्या. त्यांनी कमरेचं पिस्तूल काढून दुसऱ्याकडे दिलं, हात मागे केले आणि पेट्रुस्काला म्हणाल्या, "घाल." त्याने आधी चावी दोनदा तपासली, असं तो नंतर मार्लिसला म्हणाला. आपल्या चीफला बेड्या घालायची वेळ कुणावर येत नाही.

एप्रिलच्या बैठकीला मार्लिस पुन्हा प्लास्टिकच्या खुर्चीत होती. या वेळी इंग्रिड तिच्या शेजारी होती. आपण होऊन आली होती, मात्र टोपी डोळ्यांवर ओढून.

व्हिटकॉम्बनी फार लांबण लावली नाही. "बेड्यांचं मी काही सांगत नाही," ते म्हणाले. "त्या लागतात, उतरतात. मला इस्पितळाच्या दाराचं सांगायचंय. मला आत नेत होते तेव्हा तिथे एक बाई तिच्या मुलाला घेऊन बसली होती. मला बघून तिने मुलाला जवळ ओढलं. मी चाळीस वर्षं या गावात राहतोय. मी काही केलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. तरी त्या क्षणी मला वाटलं की मी काहीतरी केलं असणार."

मार्लिसला जाणवलं की शेजारी इंग्रिडने टोपी वर सरकवली आहे.

सहाही हात वर झाले. शिफारस अशी, की ज्याने आपण होऊन मदत मागितली किंवा जो खुशीने यायला तयार आहे, त्याला बेड्या घालू नयेत. आता उत्तर द्यायला चीफला दीड महिना होता. सरकारी काम, अन् बारा महिने थांब. मार्लिस मनात म्हणाली, आता उन्हाळा उजाडणार. तेवढ्यात चीफ स्टॅनिक उभ्या राहिल्या. त्या डाव्या हाताने उजवं मनगट चोळत होत्या, तिथे काही दुखत नसतानाही.

"मी वेळ घेत नाही," त्या म्हणाल्या. "या खात्यात मला वीस वर्षं झाली. मी हजारदा पुढच्या सीटवर बसले. मागे कधी बसले नव्हते. हा नियम माझ्या माणसांच्या सुरक्षेसाठी होता आणि शस्त्र असेल, मारामारी असेल तिथे तो राहील. पण बाकीच्यांसाठी मान्य. उद्यापासून."

सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण बैठकीत टाळ्यांना बंदीच होती. मागच्या रांगेत पेट्रुस्का साध्या कपड्यांत बसला होता. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून वाकला. जाताना इंग्रिड त्याच्यापाशी थांबली. "तुमचा कोट ऊबदार होता," ती म्हणाली, आणि पुढे गेली.

मार्लिसचा जीव निम्मा भांड्यात पडला. निम्माच, कारण गाडीत बसल्यावर इंग्रिड म्हणाली, "छान झालं. पुढच्या मुलांसाठी."

"आणि तुझ्यासाठी?"

"आई, कागदावर नियम बदलला. ती वेळ आली तर मला काय वाटेल ते मला आत्ता कसं कळणार? वचन मागू नकोस."

मार्लिसने मागितलं नाही. दुधाने तोंड पोळलेल्याने ताक फुंकून प्यायचं असतं. त्याला घाई करून चालत नाही. उन्हाळा गेला. इंग्रिड औषधं घेत होती, पोहायला जात होती, डेव्हॉन नावाच्या त्या उंच वकिलाबरोबर फिरतही होती. शरद ऋतूत ती पुन्हा बर्च हॉलमध्ये राहायला गेली. मार्लिसने तिच्या खोलीत पडदे लावून दिले आणि 'रोज फोन कर' हे वाक्य ओठांवर आलेलं परत गिळलं. पण दुकानात फोन वाजला की तिच्या काळजात धस्स व्हायचं, आणि वाजला नाही की त्याहून जास्त.

नोव्हेंबरातली दुपार होती. बाहेर बर्फ पडत होतं. अशा दिवशी आइस्क्रीम खायला येणारे लोक टॅमरॅकलाच मिळतात, आणि ते आले होते. मार्लिस एका पोराला चॉकलेटचा गोळा देत होती तेव्हा फोन वाजला. इंग्रिडचा होता.

"आई, कामात आहेस?" आवाज संथ होता, ओला.

"नाही. बोल."

"घाबरू नकोस. मी पोलिसांच्या गाडीत आहे. मागच्या सीटवर."

मार्लिसने काउंटरचा काठ धरला. दुकानातला आवाज तिला ऐकू येईनासा झाला. इंग्रिड पुढे बोलत होती.

"परवापासून पुन्हा खाली खाली जायला लागलं होतं. सकाळी फार वाईट झालं. दोन तास फोन समोर ठेवून बसले होते." ती थांबली. "मग केला, आई. मी फोन केला."

"आणि तुझे हात?" मार्लिस कशीबशी म्हणाली. "बाळा, हात कसे आहेत तुझे?"

 मग त्या संथ, ओल्या आवाजात एक छोटंसं हसू आलं. "अगं, मग हा फोन मी कशाने धरलाय?"

मार्लिस तिथल्या तिथे, काउंटरमागे, दुधाच्या रिकाम्या क्रेटवर बसली आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत मोठ्याने रडली. चॉकलेटवालं पोरगं घाबरून बघत राहिलं. तिने त्याला हाताने खूण केली की काही नाही, सगळं ठीक आहे, आणि खरोखरच ठीक होतं.

"आई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय. निघालेच मी."

"इस्पितळाच्या दारात भेट. आणि सावकाश ये, रस्त्यावर बर्फ आहे," इंग्रिड म्हणाली. "मला काही घाई नाही."